पुस्तक बाजूला, लेखक खुर्चीत

नवं मराठी पुस्तक आलं की त्याच्या वाट्याला येणारे सोहळे आता ठरून गेले आहेत. आधी प्रकाशन समारंभ, त्यात दोन पाहुण्यांची भाषणं आणि लेखकाचं मनोगत. मग एखाद्या रविवार पुरवणीत छायाचित्रासह लेखकाची मुलाखत. पुढे कुठल्याशा व्याख्यानमालेत किंवा ग्रंथोत्सवात प्रकट मुलाखत आणि तिचं चित्रीकरण. पुरस्कार मिळालाच, तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. या गर्दीत कुणीतरी पुस्तक शेवटपर्यंत वाचून, त्याच्याबद्दल स्वतःच्या बुद्धीने विचार करून लिहिलेला मजकूर मात्र शोधत बसावा लागतो. ‘अभिप्रायार्थ’ म्हणून पाठवलेली प्रत बहुतेक वेळा ‘साभार पोच’च्या यादीपर्यंत जाऊन थांबते. नशीब जोरावर असलं तर तीन-चारशे शब्दांचा परिचय छापून येतो, आणि तो वाचताना मलपृष्ठावरची पाठराखणच शब्द इकडचे तिकडे करून आपल्यापुढे ठेवली आहे, अशी शंका येत राहते.

मुलाखतीने परीक्षणाची जागा घेतली आहे, ती हळूहळू घेतली आहे, आणि कुणाची फारशी तक्रार नसताना घेतली आहे. तक्रार नसण्याचं कारण उघड आहे. दोन्ही प्रकारांत पुस्तकाचं नाव छापलं जातं, मुखपृष्ठ दिसतं, वाचकाला पुस्तक आल्याचं कळतं. मग बिघडलं कुठे? बिघडलं ते असं : परीक्षणकार जे विधान करतो ते वाचकाला पुस्तक उघडून तपासता येतं. कादंबरीचा उत्तरार्ध सैल झाला आहे, अमुक पात्र लेखकाच्या हातून निसटलं आहे, ही कविता आधीच्या संग्रहातल्या कवितेची छाया आहे, या म्हणण्याचा पुरावा पानांवर असतो किंवा नसतो. लेखक मुलाखतीत सांगतो की ही कादंबरी लिहिताना आपण आतून हादरून गेलो होतो. हे खरंही असेल, पण पुस्तक वाचकाला हादरवतं की नाही, याबद्दल या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. एका प्रकारात मजकूर साक्षीला उभा असतो, दुसऱ्यात माणूस. माणसाची साक्ष ऐकायला बरी वाटते, म्हणून ती पुरावा ठरत नाही.

मराठी नियतकालिकांचा कणा एकेकाळी परीक्षण हाच होता. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने नव्या ग्रंथांची दखल घेणं हे आपलं कामच मानलं होतं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं नाव नाटककार आणि विनोदकार म्हणून गाजण्याआधी वाचकांना ठाऊक झालं ते त्या मासिकातल्या नाट्यपरीक्षणामुळे. दुसऱ्याच्या नाटकावर लिहून एखादा तरुण नावारूपाला येतो, ही गोष्ट आज कुणाला पटणार नाही. पुढे ‘सत्यकथा’, ‘नवभारत’, १९६२ पासून केवळ समीक्षेला वाहिलेली ‘आलोचना’ आणि १९६४ पासून ग्रंथव्यवहाराची खबर ठेवणारं ‘ललित’ यांनी हा धागा आपापल्या परीने चालू ठेवला. ‘ललित’मध्ये जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लेखकांची जी टोपी उडवत, तीही वाचकांनी ते लेखक वाचलेले आहेत या भरवशावरच. थट्टेलासुद्धा वाचनाचा पाया लागतो.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांनी लेखकाला चेहरा दिला. तोवर वाचकाला लेखक भेटत असे तो छापील नावातून, फार तर मलपृष्ठावरच्या धूसर फोटोतून. आता तो बोलताना, अडखळताना, हसताना दिसू लागला. ही भर मोलाचीच होती. पुढे प्रकट मुलाखत हा मराठी रंगमंचावरचा स्वतंत्र, लोकप्रिय कार्यक्रम झाला, त्याला तिकीट लागू लागलं, आणि मुलाखतकार हा स्वतःच एक नामवंत झाला. वर्तमानपत्रांना या बदलाचा मोह पडला त्यामागे अर्थकारण आहे, आणि ते समजून न घेता संपादकांना बोल लावण्यात अर्थ नाही. चारशे पानांची कादंबरी नीट वाचून तिच्यावर दीड हजार शब्द लिहायला जाणत्या माणसाचे दोन आठवडे जातात, आणि त्याबद्दल मिळणारं मानधन सांगण्यासारखं नसतं. मुलाखत तासाभरात फोनवर होते, अनेकदा प्रश्न पाठवले की लेखकच उत्तरं लिहून पाठवतो. म्हणजे कष्ट लेखकाचे, जागा पुरवणीची आणि जाहिरात प्रकाशकाची. कुणाचंच नुकसान नाही, कुणाशीच वैर नाही. परीक्षण लिहिणाऱ्याला मात्र पुढच्या संमेलनात त्याच लेखकाशेजारी जेवायला बसायचं असतं.

अशा मुलाखतींची पारख करायला फार खोलात जावं लागत नाही. त्यातला प्रत्येक प्रश्न घ्यावा आणि पुस्तक न वाचता तो विचारता आला असता का, ते पाहावं. हा विषय कसा सुचला, लेखनाची शिस्त कशी सांभाळता, कुणाचा प्रभाव पडला, तरुण लेखकांना काय सांगाल, सध्या काय लिहिताय : यातला एकही प्रश्न विचारायला मुखपृष्ठापलीकडे जाण्याची गरज नाही. बहुतेक छापील मुलाखती या पाच प्रश्नांच्या आसपास घुटमळतात. त्यामुळे त्यांतली उत्तरंही एका लेखकाची दुसऱ्याला खपून जातील अशी असतात. दुसऱ्या बाजूला, अमुक प्रकरणात निवेदक अचानक का बदलतो, किंवा आधीच्या कादंबरीतली स्त्री आणि या कादंबरीतली स्त्री यांच्यात एवढं अंतर कसं पडलं, असं विचारणाऱ्याने परीक्षण आधी मनात लिहिलेलं असतं. मुलाखत चांगली होते ती त्या न छापलेल्या परीक्षणाच्या बळावर.

यावरचा पहिला आक्षेप असा की लेखकाला आपल्या पुस्तकाबद्दल सगळ्यांत जास्त ठाऊक असतं, मग त्यालाच विचारलं तर वावगं काय? भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ ही कादंबरी या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी मराठीतलं सर्वांत सोयीचं उदाहरण आहे. नेमाड्यांचीच ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा तिच्यामागे लेखकाचं कोणतंही वलय नव्हतं. पु. ल. देशपांड्यांसारख्यांनी तिचं मोकळेपणाने स्वागत केलं, इतरांनी नाकं मुरडली, पण दोघांच्याही हातात होतं ते केवळ पुस्तक. ‘हिंदू’ची गोष्ट उलटी. ती येणार, येणार असं कित्येक वर्षं बोललं जात होतं. २०१० साली ती आली तोवर नेमाड्यांचा देशीवाद, इंग्रजीबद्दलची, जातीबद्दलची, शेतकी संस्कृतीबद्दलची त्यांची मतं भाषणांतून आणि मुलाखतींतून घरोघर पोचलेली होती. मुलाखतींचं तर वेगळं पुस्तकही निघालं होतं. (साठच्या दशकात एका लघुअनियतकालिकात लेखकाचा लेखकराव कसा होतो यावर याच लेखकाने झणझणीत निबंध लिहिला होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.) कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर पुन्हा मुलाखतींची रांग लागली, आणि वाद पेटला तो बहुतांशी मुलाखतींतल्या विधानांवर. कुणी देशीवादाचा विजय म्हणून कादंबरी डोक्यावर घेतली, कुणी त्याच देशीवादाला प्रतिगामी ठरवून ती आपटली. दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं होतं की लेखक बोलतो तेच कादंबरी बोलते.

कादंबरी उघडून पाहिली की हे गृहीतक फार टिकत नाही. खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक तरुण मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो, वडिलांच्या आजारपणाची बातमी येते आणि तो मोरगावाकडे निघतो. पुढची सगळी कादंबरी या प्रवासात आणि घरी पोचल्यावर त्याच्या मनात उसळणाऱ्या आठवणींची आहे. त्यात शेतकरी घर आहे, आत्या आहेत, सालदार, बलुतेदार, भटके, महानुभाव, वारकरी आहेत, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा आहे. खंडेराव त्यांपैकी कुणाच्याच बाजूने ठामपणे उभा राहू शकत नाही. ज्या गावगाड्याची बाजू लेखक व्यासपीठावरून हिरिरीने घेतो, त्याच गावगाड्यात घरातल्या बायकांच्या वाट्याला आलेलं जगणं कादंबरी इतक्या बारकाईने मांडते की गौरवाचा सूर तिथे लागूच शकत नाही. उपशीर्षकात समृद्धी आणि अडगळ शेजारी ठेवणारा कादंबरीकार मुलाखतीत मात्र बहुतेक वेळा समृद्धीच्याच बाजूने बोलतो. कादंबरी द्विधा आहे, तिचा लेखक द्विधा नाही. ही फट परीक्षणाने दाखवायची असते. ज्यांनी ती दाखवली असे काही लेख तेव्हा आलेही, पण गदारोळात ते बाजूला पडले. लेखकाला आपल्या पुस्तकाबद्दल बरंच ठाऊक असतं हे खरं. मात्र पुस्तकाने त्याच्या मतांना न जुमानता काय करून ठेवलं आहे, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही, आणि ठाऊक असलं तरी ते सांगणं त्याच्या सोयीचं नसतं.

नंदा खरे यांच्या बाबतीत प्रकार वेगळा घडला, पण परिणाम तोच. ‘उद्या’ ही नजीकच्या भविष्यात घडणारी त्यांची कादंबरी. तिला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला. समाजाने आपल्याला भरपूर दिलं आहे आणि काही वर्षांपासून आपण पुरस्कार घेणं थांबवलं आहे, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. बातमी देशभर गेली, फोन झाले, मुलाखती झाल्या, नकाराची नैतिक चर्चा झाली. कादंबरी मात्र त्याआधी पाच-सहा वर्षं दुकानांत होती. ‘अंताजीची बखर’ आणि ‘बखर अंतकाळाची’ या पुस्तकांत खऱ्यांनी बखरीचा बाज उचलून ऐतिहासिक कादंबरीच्या मराठी सवयींची जी उलटतपासणी केली, तिच्यानंतर हाच लेखक भविष्याकडे का वळला, इतिहासातला लबाड साक्षीदार आणि भविष्यातला पाळतीखालचा नागरिक यांच्यात काय नातं आहे, हे प्रश्न पुरस्काराच्या बातमीत मावणारे नव्हतेच. एक अभियंता, ‘आजचा सुधारक’चा एक संपादक, विज्ञानाचा जाणकार माणूस कादंबरीकडे विचार करण्याचं साधन म्हणून पाहतो, ही मराठीतली दुर्मीळ गोष्ट. २०२२ साली खरे गेले. त्यांच्या नकाराबद्दल सांगणारे वाचक आजही भेटतात, कादंबरीच्या रचनेबद्दल बोलणारे फार थोडे.

मग मुलाखतीच नसत्या तर परीक्षण आपोआप भरभराटीला आलं असतं का? जी. ए. कुलकर्णी हे त्याचं जवळपास प्रयोगशाळेतलं उदाहरण. धारवाडला राहणारा, सभा-समारंभ आणि मुलाखतींपासून दूर असलेला हा कथाकार वाचकांना भेटला तो फक्त कथांतून. ‘काजळमाये’ला १९७३ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून वाद उठला आणि जी.एं.नी पुरस्कार परत केला, तेव्हाही त्यांनी आपल्या कथांचं स्पष्टीकरण देणं टाळलंच. परिणामी त्यांच्या कथांवर मराठीत जेवढं गंभीर लेखन झालं तेवढं त्यांच्या पिढीतल्या फार थोड्या कथाकारांवर झालं. धों. वि. देशपांडे यांच्यासारख्या समीक्षकाने पुस्तकभर एकेका कथेचा अन्वय लावत जावं, हे लेखक उत्तर द्यायला हजर नसल्यामुळेच शक्य झालं असावं. मात्र या उदाहरणाची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. लेखक गप्प राहिला की त्याच्याभोवती दंतकथा वाढतात. काळा चष्मा, एकांत, माणूसघाणेपणा यांवर मराठीत इतकं बोललं गेलं की तीही न घेतलेली मुलाखतच झाली. आणि मृत्यूनंतर पत्रांचे चार खंड आले तेव्हा अनेक वाचकांनी कथांमधली कोडी पत्रांतून सोडवून घेतली, म्हणजे अखेर साक्ष काढली ती माणसाचीच. तेव्हा मुलाखत बंद केल्याने वाचन सुरू होत नाही. वाचणारा माणूस लागतो, आणि त्याला जागा लागते.

दुसरा आक्षेप पहिल्याहून बराच वजनदार आहे. परीक्षणाचा मराठी इतिहास म्हणजे पुण्या-मुंबईच्या, बहुतांशी उच्चवर्णीय वाचकांनी इतरांच्या लेखनावर दिलेल्या निकालांचा इतिहास आहे, आणि मुलाखतीमुळे प्रथमच दलित, ग्रामीण, आदिवासी, भटक्या समाजांतल्या लेखकाला आपलं म्हणणं मध्यस्थाशिवाय मांडता आलं, असं म्हटलं जातं. याला पुरावा आहे, आणि तो मराठी परीक्षणाच्या आरंभीच सापडतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाला’ चालवली. तिच्यात जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेताना त्यांनी व्याकरणाच्या चुका मोजल्या, भाषेची टवाळी केली, लेखकाच्या योग्यतेवर घसरले. ‘गुलामगिरी’तला युक्तिवाद मात्र जवळपास अस्पर्श राहिला. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, त्यामागेही हाच संताप होता : कोण कुणाला मोजतो आहे, आणि कुठल्या मापाने?

हा संताप रास्त होता. पण त्यातून निघणारा निष्कर्ष परीक्षणाच्या विरोधात जात नाही. चिपळूणकरांच्या लेखाचा दोष तो कठोर होता हा नाही. पुस्तक सोडून तो माणसाकडे वळला, हा आहे. आणि पुस्तक सोडून माणसाकडे वळणं हीच आजच्या मुलाखतीचीही सवय आहे, फक्त तिथे हेटाळणीऐवजी कौतुक आहे. फुल्यांचं उत्तर पाहावं. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण धाडलं, तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक माणसांचे हक्क देत नाहीत त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. फुले पुस्तकांबद्दल बोलत होते, त्यांत कोणता विचार आहे आणि कोणता नाही याबद्दल. त्या पत्राला निमंत्रण नाकारणारं पत्र म्हणतात. ते त्या काळच्या ग्रंथव्यवहाराचं सगळ्यांत नेमकं परीक्षणही आहे. ढाल्यांनीसुद्धा नुसती होळी केली नाही, ‘सत्यकथे’ची चिरफाड करणारा लेखही लिहिला. बंडाने परीक्षणाचं हत्यार टाकून दिलं नव्हतं, हातात घेतलं होतं.

अपरिचित जगातल्या पुस्तकाला परीक्षणकाराने कसं सामोरं जावं, याचा एक धडा १९७२ सालीच उपलब्ध झाला होता. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्या कवितांमधलं जग आणि त्या जगाचे शब्द आपल्याला ठाऊक नाहीत, हे तेंडुलकरांनी लपवलं नाही. ते कवीसोबत त्या वस्तीत गेले, न कळलेल्या गोष्टी विचारल्या आणि मग कवितांकडे परतले. कवीची भेट त्यांनी कवितेपर्यंत पोचण्यासाठी घेतली, कवितेऐवजी नाही. मुलाखत आणि परीक्षण यांचा क्रम तिथे अचूक लागला आहे, म्हणून पन्नास वर्षांनंतरही ती प्रस्तावना वाचावीशी वाटते.

दया पवारांचं ‘बलुतं’ तर याही पुढे जातं. ग्रंथालीने १९७८ साली काढलेल्या या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. एकाच माणसाचे दोन भाग, एक बोलणारा, एक लिहिणारा. पुस्तकाचा सगळा घाटच मुलाखतीचा आहे, आणि त्या घाटामागे फार नेमकी जाणीव आहे : भोगलेला माणूस आणि लिहिणारा माणूस एक नव्हेत, दोघांत अंतर आहे, संकोच आहे, थोडा दुरावाही आहे. इतका कसलेला घाट समोर असताना त्या काळातल्या अनेकांनी दलित आत्मकथनांना ‘दाहक अनुभव’, ‘समाजशास्त्रीय दस्तऐवज’ अशा शब्दांत गौरवलं आणि विषय संपवला. लेखकाला साहित्यिक न मानता साक्षीदार मानण्याची ही रीत आदराच्या वेषात आली, म्हणून ती कमी अपमानकारक ठरत नाही. शरद बाविस्करांच्या ‘भुरा’ या आत्मकथनाच्या वाटेतही हीच अडचण आली. धुळे जिल्ह्यातल्या गावात दहावीला नापास झालेला मुलगा जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंच तत्त्वज्ञान शिकवणारा प्राध्यापक होतो, ही हकीकत मुलाखतीत इतकी चांगली सांगता येते की ऐकणाऱ्याला पुस्तक वाचल्याचं समाधान मिळतं. या पुस्तकाला तरुण वाचकांचा जो प्रतिसाद मिळाला, त्यात मुलाखतींचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल कुणी खंत करू नये. पण तत्त्वज्ञान शिकलेला माणूस स्वतःच्या आयुष्याकडे कसा पाहतो, ‘बलुतं’ने पाडलेल्या वाटेवर तो चालतो की ती सोडतो, जिद्दीची कथा आणि व्यवस्थेची चिकित्सा या दोन गोष्टी त्याच्या पानांवर एकमेकींना कुठे अडवतात, हे प्रश्न संघर्षगाथेच्या टाळ्यांत कुणी विचारले? आपल्यावर प्रेम करणाऱ्या वाचकांपेक्षा आपल्याशी वाद घालणारा एक वाचक मिळणं हाही लेखकाचा हक्कच आहे.

उरतो तो बाजाराचा आक्षेप. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, हल्ली त्याहूनही लहान. त्यात कडक परीक्षण छापून त्या बिचाऱ्या पुस्तकाचा गळा का घोटायचा? हे दया दाखवणारं म्हणणं प्रकाशकांकडून येतं तसं सहृदय संपादकांकडूनही येतं. त्यामागे समजूत अशी की परीक्षण म्हणजे झोडपणं. अमेरिकेत एलिझाबेथ हार्डविक यांनी १९५९ साली ‘हार्पर्स’ मासिकात परीक्षणांच्या ऱ्हासावर लिहिलं, तेव्हा त्यांची तक्रार उलट होती. परीक्षणं क्रूर झाली आहेत, असं त्या म्हणत नव्हत्या. सगळ्या पुस्तकांची सारखीच मिळमिळीत तारीफ होते आणि त्यामुळे कुठलंच पुस्तक महत्त्वाचं वाटेनासं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. चार वर्षांनी न्यूयॉर्कमधली वर्तमानपत्रं संपामुळे बंद पडली आणि त्या पोकळीत ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’ निघालं, त्यात हार्डविकही होत्या. तिथली परीक्षणं लांबलचक, वादग्रस्त, कधी निर्दय असतात, आणि ते नियतकालिक आजही चालू आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ सालीच सुचवलं होतं की बहुसंख्य पुस्तकांकडे सरळ दुर्लक्ष करावं आणि जी थोडी महत्त्वाची वाटतात त्यांना निदान हजार शब्द द्यावेत. मराठीत आपण नेमकं उलटं करतो, सगळ्यांना थोडं थोडं वाटून टाकतो. अमेरिकेएवढा वाचकवर्ग आपल्याकडे नाही हे खरं, पण मिळमिळीत कौतुकाने आपली आवृत्ती हजाराची दोन हजार झाली, असंही कुठे दिसत नाही. वाचकाला पैसे मोजताना भरवसा लागतो, आणि सगळ्यांनाच चांगलं म्हणणाऱ्याच्या शब्दावर कुणी भरवसा ठेवत नाही.

मराठीत समीक्षा संपली, असा याचा अर्थ कुणी काढू नये. २०२४ सालचा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षाग्रंथालाच मिळाला. विद्यापीठांतून प्रबंध निघतात, प्रतिष्ठित कवींवर चर्चासत्रं होतात. पण ती समीक्षा ठरून गेलेल्या लेखकांची आहे. विंदा मोठे कवी आहेत हे रसाळांना नव्याने ठरवायचं नव्हतं. कालपरवा आलेलं, ज्याच्याबद्दल अजून कुणीच काही म्हटलेलं नाही असं पुस्तक हातात घेऊन पहिलं मत देण्यातला धोका वेगळा असतो. चूक होण्याची शक्यता तिथे जास्त, आणि तिचं मोलही जास्त. मराठीतून ओसरला आहे तो हा धोका पत्करणारा वाचक. ‘साधना’सारखं साप्ताहिक, ‘मुक्त शब्द’सारखी मासिकं अधूनमधून त्याला जागा देतात. ‘अंतर्नाद’ पंचवीस वर्षं चालून थांबलं. कोविडकाळातल्या टाळेबंदीनंतर दैनिकांच्या पुरवण्यांची पानं घटली, तेव्हा पहिली कात्री पुस्तकांच्या पानाला लागली.

मुलाखत मोडीत काढावी, असा आग्रह या सगळ्यात कुठेच नाही. मुलाखत काय करू शकते हे पाहायचं असेल, तर प्रतिभा रानडे यांचं ‘ऐसपैस गप्पा दुर्गाबाईंशी’ हे १९९८ साली आलेलं पुस्तक उघडावं. दुर्गा भागवतांचं वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी. रानडे त्यांच्याशी लोकसाहित्यावर, ‘व्यासपर्वा’वर, आणीबाणीवर, स्वयंपाकावर बोलतात, पण प्रत्येक ठिकाणी आधी वाचून आलेल्या असतात. बाई अडल्या, चिडल्या, विषय सोडून गेल्या, तरी विचारणारीला तो धागा पुन्हा कुठे पकडायचा ते ठाऊक असतं. ‘पॅरिस रिव्ह्यू’ने १९५३ साली पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर यांच्यापासून सुरू केलेली मुलाखतींची मालिकाही याच जातीची. अनेक बैठका, लेखकाच्या सगळ्या पुस्तकांचं वाचन, आणि तयार मजकूर लेखकाकडे दुरुस्तीला पाठवणं. यावर कुणी म्हणेल की लेखकाने सुधारलेली मुलाखत खोटी. पण ती उत्स्फूर्त असल्याचा दावाच नसतो. दोघांनी मिळून लिहिलेला तो निबंध असतो आणि निबंधासारखाच तो तपासता येतो. आपल्याकडच्या घाईत घेतलेल्या मुलाखतीत ना उत्स्फूर्तपणा उरतो ना विचार, कारण लेखक तीच उत्तरं आठव्यांदा देत असतो.

असं लेखन छापायला जागा नाही, हे कारण दिवाळी अंकांनी तरी पुढे करू नये. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाला वर्षातून एकदा लांब मजकूर वाचायची सवय आहे. दिवाळीत घेतलेला अंक होळीपर्यंत वाचला जातो. आपल्या अंकांत परिसंवाद असतात, व्यक्तिचित्रं असतात, मुलाखती तर असतातच. सरत्या वर्षातल्या एकाच पुस्तकावर पंधरा पानांचं परीक्षण मात्र क्वचित दिसतं. संपादक म्हणतात की दिवाळीपर्यंत पुस्तक शिळं होतं. जानेवारीत आलेली कादंबरी नोव्हेंबरात शिळी होत असेल, तर ती मुलाखतीने तरी ताजी कशी राहणार होती? उलट दहा महिन्यांत समारंभ उरकलेले असतात, फुलं सुकलेली असतात, लेखक पुढच्या पुस्तकाला लागलेला असतो, आणि वाचणाऱ्याला त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता पानं उलटता येतात. दरवर्षी अशी तीन-चार परीक्षणं छापायला सांगितलं, तर परीक्षण करणारे कुठून आणायचे, हा प्रश्न लगेच विचारला जातो. त्यांना दोन आठवड्यांचं मानधन दिलं की ते सापडतील. त्यातले काही आज महाविद्यालयांत नवव्यांदा तोच अभ्यासक्रम शिकवत आहेत, काही इतरांच्या पुस्तकांच्या पाठराखणी लिहीत आहेत, आणि दोघंचौघं तर मुलाखती घेत फिरत आहेत.